निसर्गशिक्षणातील भ्रमणध्वनी-मार्गदर्शक आणि नावांचा प्रश्न : तांबरमच्या झुडपी रानाच्या संदर्भात

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम येथे मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे सुमारे ३६५ एकरांचे आवार आहे. शहराच्या जॉर्ज टाउन भागातील दाटीतून हे महाविद्यालय १९३७ साली येथे आले. त्या काळी येथे काटेरी झुडपांचे रान होते आणि आजही आवाराचा मोठा भाग तशाच झुडपांनी व्यापलेला आहे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड बार्न्स हे वनस्पतींचेही जाणकार होते. दक्षिण भारतातील तेरड्याच्या व सापकांद्याच्या जातींवर त्यांनी लिहिले आणि या आवारातील वृक्षवेलींची जोपासनाही केली. पुढे याच महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकविणारे गिफ्ट सिरोमनी (१९३२–१९८८) यांनी एकीकडे कोलम या तमिळ रांगोळीच्या आकृतिबंधांचे गणिती व्याकरण मांडले, तर दुसरीकडे तांबरम परिसरातील पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. अध्यापकाबरोबर फिरत रान वाचण्याची परंपरा असलेले असे ठिकाण भ्रमणध्वनीवरील मार्गदर्शकाचा विचार करण्यास सोयीचे आहे. अध्यापकाची जागा यंत्राने घ्यायची, तर यंत्राने नेमके काय करावे, हा प्रश्न येथे स्पष्टपणे उभा राहतो.

प्रस्तुत लेखात ‘भ्रमणध्वनी-मार्गदर्शक’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. हातातील यंत्रावर ध्वनी, चित्र, मजकूर आणि नकाशा यांच्या साहाय्याने, चालत असताना आणि त्या त्या जागी पोहोचल्यावर, आसपासच्या निसर्गाविषयी शिकविणारे साधन, एवढाच तिचा अर्थ. घरी बसून पाहण्याचे माहितीपट किंवा ज्ञानकोश यांचा येथे विचार नाही.

या साधनाचा जन्म रानात झालेला नाही. तो संग्रहालयात झाला. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली प्रेक्षकांना हातातील ग्राहकयंत्रावर चित्रांविषयीचे निवेदन ऐकविण्याची व्यवस्था झाली होती. संग्रहालयातील वस्तू जागची हलत नाही, तिच्यावर क्रमांक असतो, प्रकाश ठरलेला असतो आणि तिच्याविषयीचे निवेदन वर्षभर तेच राहिले तरी चालते. रानात यांपैकी एकही गोष्ट नाही. पक्षी उडून जातो, झाड सहा महिने निष्पर्ण असते, फूल आठवडाभर टिकते. तरीही निसर्गासाठी केलेले बहुतेक मार्गदर्शक संग्रहालयाचाच साचा रानात आणून ठेवतात. थांबा क्रमांक चार, हे अमुक झाड, याची उंची इतकी, उपयोग अमुक. वनउद्यानांतील पत्र्याच्या पाट्या जे सांगत होत्या, तेच आता काचेच्या पडद्यावर दिसते. नवी दिल्ली नगरपालिकेने २०१८ साली लोधी उद्यानातील सुमारे शंभर वृक्षांवर सांकेतिक चौकोन लावले. तो भ्रमणध्वनीसमोर धरला की झाडाची माहिती येते. उपक्रम स्तुत्यच होता, पण जातीने तो पाटीचाच.

मोकळ्या जागेतील मार्गदर्शकाला तांत्रिक आधार मिळाला तो २ मे २००० रोजी. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत अमेरिकी शासन मुद्दाम जी अशुद्धता मिसळत असे, ती त्या दिवशी थांबली आणि नागरी वापरातील चूक सुमारे शंभर मीटरांवरून दहा-वीस मीटरांवर आली. त्याच सुमारास हस्तसंगणक बाजारात स्थिरावले होते. युरोपीय संघाच्या साहाय्याने झालेल्या ‘वेबपार्क’ प्रकल्पात (२००१–२००४) स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानातील पांथस्थाला हातातील यंत्रावर, तो उभा असेल त्या जागेनुसार, तेथील प्राणी व वनस्पती यांची माहिती देण्याचा प्रयत्न झाला. ‘तुम्ही येथे आहात, म्हणून हे पाहा’ असे यंत्राने म्हणणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

शिक्षणाच्या दृष्टीने मात्र दोन निराळे प्रयोग अधिक बोधप्रद आहेत. पहिला इंग्लंडमधील ‘ॲम्बियंट वुड’ हा होय. २००२-०३ च्या सुमारास संशोधकांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांना जोडीजोडीने एका खऱ्या वनात सोडले. त्यांच्या हाती प्रकाश व ओलावा मोजणारी शलाका होती. शलाका पानांखाली धरली की मोजणीचे चित्र हस्तसंगणकावर उमटे. वनात दडविलेल्या उपकरणांतून वनस्पतींमधील अदृश्य प्रक्रियांचे सूचक ध्वनीही ऐकू येत. मुलांचे लक्ष या आपोआप येणाऱ्या ध्वनींकडे पुष्कळदा गेलेच नाही. शलाकेने स्वतः मोजत राहण्यात मात्र ती रमली. ‘इथे जास्त, तिथे कमी, मग दगडाखाली किती असेल?’ अशा क्रमाने ती स्वतःच प्रश्न रचू लागली. म्हणजे यंत्राने सांगितलेले हवेत विरले आणि यंत्राच्या निमित्ताने मुलांनी केलेले टिकले. दुसरा प्रयोग तैवानमधील. चेन, काओ आणि शेऊ यांनी २००३ साली प्राथमिक शाळेतील मुलांसाठी पक्षीनिरीक्षणाचा हस्तसंगणकीय मार्गदर्शक प्रसिद्ध केला. शिक्षकाचा सुटा संगणक रानातच केंद्रस्थानी असे आणि मुलांची यंत्रे त्याच्याशी बिनतारी जोडलेली असत. त्याचे वैशिष्ट्य असे, की मूल जसजसे स्वतः ओळखू लागे तसतशी यंत्राकडून मिळणारी मदत कमी होत जाई. इमारत उभी राहिली की पाड उतरवावा, तसे हे होते. आपले काम संपावे म्हणून काम करणारा मार्गदर्शक ही कल्पना प्रस्तुत लेखकास या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत मोलाची वाटते.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकोमोबाइल’ प्रयोगातही सहावीच्या मुलांनी तळ्याकाठी भ्रमणध्वनी व पाण्याची प्रत तपासणारी उपकरणे एकत्र वापरली. त्यातील निरीक्षणे वरील दिशेनेच जातात.

आता तांबरमच्या रानाकडे वळू. महाबळेश्वरच्या कड्यावर किंवा ताडोब्याच्या पाणवठ्यावर मार्गदर्शक मुका असला तरी चालते, कारण दृश्यच बोलते. तांबरमचे रान बोलत नाही. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात कोरोमंडल किनाऱ्यावरील अशा वनाला उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन म्हटले आहे. शुष्क आणि सदाहरित हे शब्द एकमेकांशी भांडणारे वाटतात, पण वस्तुस्थिती तशीच आहे. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांनी पडतो, त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो, आणि तरीही जाड, चिवट, लहान पानांची झुडपे हिरवी राहतात. प्रथमदर्शनी सगळे एकसारखे, धुळकट आणि निरुपयोगी भासते. अशा भूमीला ‘पडीक’ म्हणून मोकळे होण्याची सवय केवळ तमिळनाडूत आहे असे नाही. पूर्व विदर्भात महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनीला वन म्हणावे की नाही, हा वाद अनेक दशके चालला आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वन मानली जावी असा निर्णय दिला. तांबरमच्या ईशान्येस असलेली पळ्ळिकरणै ही दलदलही दीर्घकाळ टाकाऊ समजली गेली आणि तिच्या एका भागावर शहराचा कचरा पडत राहिला. २०२२ साली तिचा रामसर यादीत समावेश झाला. मार्गदर्शकाची खरी गरज अशा, न बोलणाऱ्या भूमीलाच आहे. जी जागा पाहण्याजोगी आहे असे कोणास वाटत नाही, ती जाताना कोणी हळहळतही नाही.

या झुडपांतले एक झाड मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. अंजनी हे त्याचे नाव. महाबळेश्वर-माथेरानच्या धुक्यातील वनात अंजनी मुबलक असून तेथील वनाच्या शास्त्रीय वर्णनात जांभूळ व पिसा यांच्याबरोबर तिचे नाव येते. निळ्या-जांभळ्या फुलांचे तिचे घोस फांद्यांना लगटून फुटतात आणि एकदा पाहिले की विसरत नाहीत. तीच अंजनी कोरोमंडलच्या कोरड्या रानातही प्रमुख आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने झोडपलेले आणि येथे उन्हाने तापलेले असे एकाच जातीचे झाड शेजारी शेजारी दाखविणे निसर्गात शक्य नाही, पडद्यावर शक्य आहे. बहुमाध्यमांचा खरा उपयोग असा, म्हणजे समोर नसलेल्या गोष्टीसाठी. समोर असलेल्या झाडाचे छायाचित्र समोरच उभ्या असलेल्या मुलाला दाखविणे याला आपण काय म्हणावे?

ऋतूचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. मराठी मनातील निसर्गाचे पंचांग मृगाच्या पावसाशी बांधलेले आहे. पेरते व्हा, काजवे, आंब्यांचा शेवट, हे सारे त्याभोवती येते. तांबरमला मे महिन्यातील अग्निनक्षत्राचा ताप सरून मृग येतो, तोही बहुधा कोरडाच. येथील खरा पाऊस ऐप्पसि महिन्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर येतो. पुण्यात वा मुंबईत रचलेला मार्गदर्शक केवळ भाषांतर करून येथे आणला, तर तो जूनमध्ये बेडूक शोधायला लावील. स्थाननिश्चिती अचूक आणि काळनिश्चिती चुकीची, असा हा दोष आहे. एकाच झाडाकडे दर आठवड्याला पाहून पालवी, फूल व फळ यांची नोंद करण्याचा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम भारतात २०१०-११ च्या सुमारास सुरू झाला. शाळकरी मुलांनीच जमविलेली अशी स्थानिक नोंद मार्गदर्शकाच्या मुळाशी असेल, तर हा दोष टळू शकतो.

यापुढील मुद्दा भाषेचा आहे आणि तो या ग्रंथाच्या विषयाशी अधिक निकटचा आहे. संगणकीय मार्गदर्शकाच्या सारणीत प्रत्येक जातीसाठी एक शास्त्रीय नाव, एक इंग्रजी नाव आणि प्रत्येक देशी भाषेसाठी एकेक रकाना असतो. रकाना एक, म्हणून नावही एकच. लोकभाषेत मात्र नाव हे लेबल नसते. बरेचदा ते पाहण्याची रीत सांगते.

दोन-तीन उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल. मोकळ्या मैदानावर माणूस दिसताच आरडाओरडा करणाऱ्या पक्ष्याला आपण टिटवी म्हणतो. हे नाव कानाने ठेवलेले आहे. तमिळमध्ये तिला ‘आळ्काट्टि’ म्हणतात. ‘आळ्’ म्हणजे माणूस आणि ‘काट्टि’ म्हणजे दाखविणारी, म्हणजेच माणूस आल्याची चहाडी करणारी. हाताच्या तर्जनीलाही तमिळमध्ये हाच शब्द लागतो. एका नावात आवाज आहे, दुसऱ्यात वर्तन आहे. नीळकंठाचे नाव रंगावरून आले आहे. तमिळमध्ये त्याला ‘पनंगाडै’ म्हणतात आणि त्यातील ‘पनै’ म्हणजे ताड. हा पक्षी कोठे शोधावा हे त्या नावातच सांगितलेले आहे. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष असल्यामुळे शोध फार लांब जात नाही. घोळक्याने फिरणाऱ्या पक्ष्यांना आपण सातभाई म्हणून संख्येवर बोट ठेवले, तर तमिळांनी ‘तविट्टुक्कुरुवि’ म्हणजे कोंड्याच्या रंगाचा पक्षी म्हणून पिसांवर ठेवले. उलट, उघड्या चोचीच्या करकोच्याच्या बाबतीत दोन्ही भाषा अगदी एकाच जागी येऊन भेटतात. मराठी लोकभाषेत तो ‘घोंगल्या फोडा’ आणि तमिळमध्ये ‘नत्तैकुत्ति नारै’ म्हणजे गोगलगाय टोचणारा करकोचा. चोचीच्या फटीचे कारण अशा रीतीने दोन्ही समाजांनी नावातच जपले. आपल्याकडील ग्रांथिक नाव ‘मुग्धबलाक’. ते सुंदर आहे, पण त्यावरून पक्षी काय खातो हे कळत नाही. एकच रकाना असेल, तर त्यात बहुधा मुग्धबलाक बसतो आणि घोंगल्या फोडा बाहेर राहतो.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी अरण्यवासीयांकडून अशी नावे आयुष्यभर जमविली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्या कामाचे महत्त्व मार्गदर्शक रचणाऱ्यांच्या अद्याप पुरते ध्यानात आलेले दिसत नाही. कोश हा अभ्यासिकेत उघडण्याचा ग्रंथ आहे असे आपण समजतो. वास्तविक त्यातील प्रत्येक लोकनाम म्हणजे रानात विचारण्याचा एक तयार प्रश्न आहे.

झाडांच्या बाबतीत तमिळ परंपरेजवळ आणखी एक साधन आहे. तेथील अनेक मंदिरांना स्वतःचा स्थलवृक्ष असतो आणि स्थलपुराणात त्याची कथा असते. चेन्नईतील पुरसैवाक्कम या वस्तीचे नाव ‘पुरसु’ म्हणजे पळसावरून आले असे मानतात व तेथील गंगाधरेश्वर मंदिराचा स्थलवृक्ष पळसच आहे. आज त्या गजबजलेल्या पेठेत पळस शोधावा लागतो, नाव मात्र रोज लाखोंच्या तोंडी आहे. त्याहून प्राचीन म्हणजे संघसाहित्यातील ‘तिणै’ संकल्पना. कुरिञ्जि, मुल्लै, मरुदम्, नेय्दल् आणि पालै अशा पाच भूप्रदेशांना वनस्पतींवरून नावे देऊन प्रत्येकाशी विशिष्ट पक्षी, ऋतू, प्रहर आणि भाव जोडण्याची ती पद्धती ‘तोल्काप्पियम्’ने ग्रथित केली आहे. संघकाव्य आणि महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ यांतील साम्य जॉर्ज हार्ट यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. तांबरमच्या रानात मराठी मार्गदर्शकाला तमिळच्या शेजारी बसविताना आपण परक्या घरी जात नाही, हे यावरून लक्षात यावे. तांबरम येथे भारतीय वायुसेनेचा तळ असून देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे तेथे बदलीवर येतात. अशा कुटुंबातील मराठी मूल आणि त्याचा तमिळ सोबती एकाच मैदानावर उभे राहून एक ‘टिटवी’ आणि दुसरा ‘आळ्काट्टि’ म्हणत असेल, तर दोघांना मिळून तो पक्षी जास्त कळेल.

या विवेचनाच्या आधारे एका थांब्याचा नमुना पुढे मांडतो. झुडपे संपून मोकळवन येते तेथे यंत्र केवळ थरथरते, आवाज करीत नाही. पडदा काळाच राहतो. कानात शब्द येतात : “येथे जरा उभे राहा. तुम्ही कोणाला पाहिले नसेल, पण तुम्हांला कोणी पाहिले आहे का?” त्यानंतर एक मिनिट काहीही नाही. हे मिनिट फार महत्त्वाचे आहे आणि यंत्र रचणाऱ्यांना तेच सर्वांत कठीण जाते. मग प्रश्न येतो : “आवाज जमिनीवरून येतो की हवेतून? दोन पावले मागे सरका. तो शमला का?” उत्तर मुलाने बोलून नोंदवायचे. त्यानंतरच दोन्ही नावे आणि त्यांचे अर्थ सांगायचे, आणि शेवटी एवढेच की पक्षी ओरडतच राहिला तर जवळपास त्याची अंडी उघड्यावर असू शकतात, म्हणून आल्या वाटेने मागे फिरावे. टिटवी त्या दिवशी आलीच नाही तर? मग मार्गदर्शकाने तसे कबूल करावे आणि पुढे चालावे. ध्वनिमुद्रित टिटवी ऐकवून वेळ साजरी करू नये. मुद्रित आवाज मोठ्याने वाजविल्यास खरे पक्षी तो प्रतिस्पर्ध्याचा समजून विचलित होतात, हे तर आहेच. शिवाय त्यामुळे मुलाला प्रत्येक थांब्यावर काहीतरी हजर असलेच पाहिजे अशी सवय लागते.

अलीकडील ओळख-यंत्रांनी प्रश्न थोडा बदलला आहे. पानाच्या छायाचित्रावरून झाड सांगणारे ‘लीफस्नॅप’ २०११ साली अमेरिकेत आले. ‘आयनॅचरलिस्ट’वर २०१७ पासून छायाचित्रावरून जाती सुचविल्या जातात आणि ‘मर्लिन’ २०२१ पासून पक्ष्यांचे आवाज ओळखते. आता मार्गदर्शक पूर्वलिखित निवेदन करीत नाही, विचारल्याचे उत्तर देतो. हे सामर्थ्य विस्मयकारक आहे यात शंका नाही. पण उत्तर क्षणात आले की पाहणेही क्षणात संपते. सिरोमनींसारखा अध्यापक विचारल्याबरोबर नाव सांगत असेल का, याचा विचार करावा. चांगला शिक्षक आधी ‘तुला काय दिसले?’ असे विचारतो. यंत्रालाही ते शिकविता येईल. मुलाने आकार, रंग, बैठक यांपैकी तीन गोष्टी स्वतः नोंदविल्याशिवाय नाव उघडायचे नाही, एवढी अट घालणे अवघड नाही.

व्यावहारिक अडचणी थोडक्यात सांगतो. तांबरमच्या उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि यंत्र तापून बंद पडते. दाट झाडोऱ्याखाली स्थान चुकते, म्हणून थांबे एकमेकांच्या फार जवळ ठेवू नयेत. ध्वनी व नकाशे आधीच उतरवून घेतलेले असावेत. दोन्ही कानांत श्रवणिका घातल्या की रान ऐकू येत नाही, त्यामुळे एक कान मोकळा असणे आवश्यक आहे. आणखी एक अडचण नाजूक आहे. तांबरमच्या ईशान्येस नन्मंगलम् येथील राखीव वनात जुन्या दगडखाणीच्या कड्यांवर शृंगी घुबड आढळते. मार्गदर्शकाने त्याचे घरटे नकाशावर दाखविले, तर तो शिक्षणाचा नव्हे, उपद्रवाचा भागीदार होईल. ‘ईबर्ड’सारख्या नोंदसंग्रहात संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे लपविली जातात. तोच नियम येथे पाळावा.

शेवटची अडचण देखभालीची. १२ डिसेंबर २०१६ रोजी वर्धा चक्रीवादळाने चेन्नई व परिसरातील हजारो वृक्ष एका दिवसात उन्मळून पडले. तांबरमजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयातही मोठी पडझड झाली. आदल्या वर्षी कोणी या भागातील झाडांचा मार्गदर्शक रचला असता, तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो नसलेल्या झाडांसमोर निवेदन करीत उभा राहिला असता. अशा वेळी सारणीतून ती ओळ पुसून टाकणे ही तंत्रज्ञांची नेहमीची रीत असते. त्याऐवजी थांबा तसाच ठेवून तेथे पडलेल्या झाडाचे नाव, पडल्याची तारीख आणि त्या मोकळ्या झालेल्या उजेडात आता काय उगवते आहे याचा प्रश्न ठेवता येईल. त्या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी वेगळे असेल आणि ते शाळेतील मुलांनीच भरावयाचे आहे.